चण्याएवढी पृथ्वी, दीडशे मीटरवर सूर्य: सूर्यमालेचं खरं माप मुलांच्या पायाखाली कसं आणावं

वर्गात शिरताना दोन दाणे सोबत न्या. एक भिजवलेला काबुली चणा आणि एक बारीकसा जोंधळा. चणा टेबलावर ठेवून सांगा, ही पृथ्वी. जोंधळा हातात धरून सांगा, हा चंद्र. मग विचारा, "चंद्र पृथ्वीपासून किती लांब ठेवू?"

उत्तर लगेच सांगू नका. प्रत्येकाला उठून स्वतःच्या हातानं दाणा ठेवू द्या आणि जागेवर खडूनं खूण करा. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. बहुतेक खुणा चण्यापासून चार बोटांच्या आत पडतात, एखादा धीट मुलगा वीतभर लांब जातो. खरं अंतर ३८ सेंटीमीटर आहे, म्हणजे मुलांच्या जवळजवळ दोन विती. फूटपट्टी लावून जोंधळा तिथं ठेवला की वर्ग गप्प होतो आणि मागून कुणीतरी म्हणतंच, "एवढं लांब असतंय व्हय सर?" पुढचं सगळं शिकवणं या प्रश्नाच्या जोरावर चालतं.

मुलांचा अंदाज चुकतो तो त्यांनी पाहिलेल्या चित्रांमुळे. पुस्तकाच्या एका पानात सूर्यही बसवायचा आणि नेपच्यूनही, म्हणून चित्रकाराला ग्रह मोठे करावे लागतात आणि अंतरं आखडावी लागतात. थर्माकोलचे गोळे तारेवर टोचून आपण विज्ञान प्रदर्शनात मांडतो त्या सूर्यमालेचंही तेच होतं. मीही अशी प्रतिकृती बरीच वर्षं करून घेत होतो. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, गुरू एवढा जवळ असेल तर तो आपल्याला चंद्राएवढा का नाही दिसत?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. चुकत होती ती आमची प्रतिकृती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: आकार आणि अंतर, दोन्हींना एकच माप. बाकी सगळ्यात तडजोड चालते, यात नाही.

पावसाळ्यात आत बसून करायचं

जून ते सप्टेंबर आमच्याकडे मैदानाचा भरवसा नसतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळांना तर विचारायलाच नको. म्हणून चालण्याचा मुख्य उपक्रम मी सुगी आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत घेतो. शेतं मोकळी झालेली असतात, पायवाटा कोरड्या असतात. तोवर वर्गात तीन गोष्टी करून घ्या.

पहिली गोष्ट शाळेच्या पृथ्वीगोलाची. गोलाच्या विषुववृत्तावर सुतळीचे साडेनऊ वेढे घ्या, तेवढीच सुतळी कापा आणि सोडवून ताणा. चंद्र तितका लांब आहे, कारण पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आणि चंद्राचं अंतर ३,८४,४०० किलोमीटर. गोल ३० सेंटीमीटरचा असेल तर सुतळी नऊ मीटर भरते, म्हणजे ती दाराबाहेर व्हरांड्यात जाते. टोकाला आठ सेंटीमीटरचं मोसंबं धरून एका मुलाला उभं करा. मग विचारा, अंतराळवीर राहतात ते अवकाश स्थानक या गोलापासून किती लांब? पोरं व्हरांड्याकडे बोट दाखवतात. ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, म्हणजे या गोलापासून जेमतेम बोटाच्या रुंदीएवढं. बोट गोलाला चिकटवून दाखवा.

दुसरी गोष्ट कागदाच्या पट्टीची. दुकानात बिलं छापायच्या कागदाची गुंडाळी मिळते, तिचा प्रत्येकाला एक-एक मीटरचा तुकडा द्या. एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला प्लूटो. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत घातलं, पण घड्या घालायला तो फार सोयीचा आहे. पट्टी मधोमध दुमडा, घडीवर लिहा युरेनस. युरेनस आणि प्लूटो यांच्या मध्यावर नेपच्यून. सूर्य आणि युरेनस यांच्या मध्यावर शनी. सूर्य आणि शनी यांच्या मध्यावर गुरू. सूर्य आणि गुरू यांच्या मध्यावर लघुग्रहांचा पट्टा, सूर्य आणि पट्टा यांच्या मध्यावर मंगळ. उरलेल्या इवल्याशा जागेत पृथ्वी, शुक्र आणि बुध दाटीवाटीनं लिहावे लागतात. घड्यांची ही अंतरं ढोबळ आहेत, तसं मुलांना सांगा. पण सूर्याजवळ चार ग्रहांची गर्दी आणि पुढे नुसतं ओसाड माळरान, हे त्यांच्या बोटांना कळतं. पट्टी घरी न्यायला द्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. पाऊस उघडला की कौलारू वर्गात कवडसे पडतात. कौलातली फट वेडीवाकडी असते, तरी जमिनीवर पडलेला कवडसा गोल का? कारण तो गोल म्हणजे सूर्याचीच प्रतिमा. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास फटीपासून कवडशापर्यंत तिरकी दोरी धरून लांबी मोजा आणि कवडशाची रुंदी मोजा. कवडसा लांबोळा असेल तर आखूड बाजू घ्या. फट बारीक हवी, आणि तिची रुंदी कवडशाच्या रुंदीतून वजा करा. आता लांबीला रुंदीनं भागा. सव्वाचार मीटरवरून पडलेला कवडसा चार सेंटीमीटरच्या आसपास भरतो आणि उत्तर १०७ च्या जवळपास येतं. नव्वद आलं, एकशेवीस आलं तरी चालेल, चार-पाच कवडशांची सरासरी काढा.

स्लॅबची शाळा असेल तर आरशावर कागद चिकटवा, कागदाला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि बाहेरून ऊन अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. आरसा भिंतीपासून दहा मीटरवर असला तर भिंतीवर नऊ-साडेनऊ सेंटीमीटरचा सूर्य उमटतो. आरशाची तिरीप कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही, याकडे एका मोठ्या माणसानं लक्ष ठेवावं.

या १०७ चा अर्थ असा: सूर्य आपल्यापासून स्वतःच्या १०७ व्यासांएवढा लांब आहे. हा आकडा मुलांनी स्वतः मोजून काढलेला असतो, म्हणून हिवाळ्यात दीडशे मीटरवर उभं राहताना त्यांना माझ्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

माप कोणतं घ्यावं

बरीच मापं घेऊन पाहिल्यावर मी एकावर ठरलो: १ सेंटीमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर. मग १ मीटर म्हणजे १० लाख किलोमीटर, आणि मॉडेलमधला १ किलोमीटर म्हणजे १०० कोटी किलोमीटर. हिशेब फार सोपा होतो. ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर कोटी किलोमीटरमध्ये लिहा आणि दहानं गुणा, की मीटर मिळाले. पृथ्वी १४.९६ कोटी किलोमीटरवर, म्हणजे मॉडेलमध्ये दीडशे मीटरवर. फळ्यावर नुसती कोटींची अंतरं आणि किलोमीटरमधले व्यास लिहा, उत्तरं मुलांना काढू द्या. आमच्या वर्गाचा तक्ता असा झाला:

बुध: अर्धा सेंटीमीटर, तुरीचा दाणा, ५८ मीटरवर
शुक्र: १.२ सेंटीमीटर, भिजवलेला काबुली चणा, १०८ मीटरवर
पृथ्वी: १.३ सेंटीमीटर, तसाच पण जरा टपोरा चणा, १५० मीटरवर
मंगळ: ०.७ सेंटीमीटर, वाळलेला वाटाणा, २२८ मीटरवर
गुरू: १४.३ सेंटीमीटर, ४५ सेंटीमीटर घेराचा फुगा, ७७८ मीटरवर
शनी: १२ सेंटीमीटर, ३८ सेंटीमीटर घेराचा फुगा, १४३० मीटरवर
युरेनस: ५.१ सेंटीमीटर, मोठं लिंबू, २८७० मीटरवर
नेपच्यून: ५ सेंटीमीटर, दुसरं लिंबू, ४५०० मीटरवर

तूर अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरातून मूठभर मिळते. लिंबं कुणाच्याही परसात असतात. फुग्याचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजा, व्यास मोजायच्या भानगडीत पडू नका. शनीला पुठ्ठ्याचं कडं हवं, बाहेरून २७ सेंटीमीटर व्यासाचं. खरी कडी इतकी पातळ आहेत की या मापात जगातला कुठलाच कागद तेवढा पातळ मिळणार नाही, हे जाता जाता सांगावं. चणा आदल्या रात्री भिजवून त्याच दिवशी वापरा, सुकला की तो लहान होतो. दाणे मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर फेविकॉलनं चिकटवा, म्हणजे कावळ्या-चिमण्यांपासून वाचतात आणि मुलांना दिसतातही.

सूर्य मात्र १३९ सेंटीमीटर व्यासाचा हवा. खताची रिकामी पोती धुऊन, उसवून, एकमेकांना शिवा. मध्ये खिळा, त्याला ६९.५ सेंटीमीटरची दोरी, दोरीच्या टोकाला खडू. वर्तुळ आखून पिवळा रंग द्या. हे काम पालकांकडून करून घेतलं तर उत्तम. आमच्याकडे खळ्यावर अंथरायचं बारदान शिवणाऱ्या दोन आजींनी तासाभरात सूर्य शिवून दिला. तो रंगवून झाला की त्यावर आडवे चणे मांडायला सांगा: १०९ चणे बसतात. पोटात किती मावतील? सुमारे १३ लाख. हा आकडा फळ्यावर नुसता लिहून काही होत नाही, १०९ चणे स्वतः मांडलेल्या पोराला मात्र तो हादरवतो.

बेळगाव किंवा निपाणीसारख्या गावात भर वस्तीतली शाळा असेल तर याच मापाला दहानं भागा. सूर्य नारळापेक्षा किंचित मोठा, १४ सेंटीमीटरचा. पृथ्वी राजगिऱ्याचा दाणा, १५ मीटरवर. गुरू खेळायची गोटी, ७८ मीटरवर. नेपच्यून तुरीचा दाणा, ४५० मीटरवर. हे एका गल्लीत बसतं. तरी ज्यांच्याकडे रान आहे त्यांनी मोठंच माप घ्यावं, कारण पायांना दमायला हवं.

चालण्याचा दिवस

आठवडाभर आधी वाट ठरवा. सूर्य शाळेच्या भिंतीवर लागेल आणि निदान पहिल्या २३० मीटरवरून तो सरळ दिसेल अशी दिशा निवडा. शेताची पाणंद किंवा कच्चा रस्ता घ्या. हायवे किंवा उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ असलेला रस्ता हंगामात अजिबात नको. एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या पालक समितीला, सांगून ठेवा आणि दोन-तीन पालक सोबत घ्या. आमच्याच आवारात कन्नड शाळा भरते, तिलाही आम्ही बोलावतो. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी ही नावं दोन्ही भाषांत एकच आहेत, वारांच्या नावांत ती रोजच तोंडी असतात. पाट्या दोन्ही लिप्यांत लिहिल्या की दोन्हीकडची मुलं एकमेकांच्या पाट्या वाचायला लागतात.

अंतर मोजायला सायकल घ्या. पुढच्या चाकावर खडूची खूण करून एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते टेपनं मोजा. साधारण दोन मीटरच्या आसपास भरतं, पण आपल्या सायकलचं आपणच मोजायचं. मग पृथ्वीसाठी किती फेरे, मंगळासाठी किती, हे भागाकार मुलांचे. एक जण सायकल ढकलतो, एक फेरे मोजतो, एक वहीत लिहितो. गुरूपासून पुढे मोटारसायकलच्या मीटरवर काम भागतं.

प्रत्येक थांब्यावर आधी मागे वळून सूर्याकडे बघायला लावा, माहिती नंतर. बुधावरून बारदान मोठं दिसतं. पृथ्वीवर आलात की हात लांब करून करंगळीच्या नखामागे तो पिवळा गोल लपवायला सांगा. तो सहज लपतो. आकाशातल्या खऱ्या सूर्याकडे मात्र कुणीही बघायचं नाही, ही सूचना शाळेतून निघतानाच द्या. त्याऐवजी घरी गेल्यावर पौर्णिमेचा चंद्र त्याच करंगळीनं झाकून बघायला सांगा. आकाशात सूर्य आणि चंद्र जवळजवळ सारखेच मोठे दिसतात. दीडशे मीटरवरचं आपलं बारदानही तेवढंच दिसतं, कारण मापच खरं आहे.

पृथ्वीच्या थांब्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, घाई करू नका. जोंधळ्याचा दाणा उदबत्तीच्या काडीच्या टोकाला चिकटवा. मुलानं एक डोळा मिटायचा आणि दाणा दुसऱ्या डोळ्यापासून ३८ सेंटीमीटरवर धरून बारदानासमोर आणायचा. साडेतीन मिलिमीटरचा दाणा जवळपास दीड मीटरचा सूर्य गिळून टाकतो. हेच खग्रास ग्रहण. आता दाणा थोडा पुढे सरकवा, चाळीस-साडेचाळीस सेंटीमीटरवर, कारण खरा चंद्रही कधी जवळ तर कधी लांब असतो. आता त्याच्या कडेनं पिवळी किनार दिसते, तेच कंकणाकृती. २६ डिसेंबर २०१९ ला केरळ-तमिळनाडूतून असं ग्रहण दिसलं होतं, बेळगावात त्या दिवशी ते खंडग्रास होतं. एका डोळ्यानं नीट दिसत नसेल तर दाणा बदलून बघा. जोंधळा जरा टपोरा निघाला तरी कंकण उमटत नाही, म्हणून चाळणीनं बारीक दाणे वेगळे काढून ठेवा.

इथेच आपल्या यानांची गोष्ट सांगा. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेलं चंद्रयान-३ या ३८ सेंटीमीटरच्या टोकाला पोचलं. आदित्य-एल१ सूर्याजवळ गेलं असं मुलांना वाटतं. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे चण्यापासून सूर्याच्या दिशेनं दीड मीटर. एका मुलाला तिथं उभं करा आणि मग समोरचं उरलेलं १४८ मीटर अंतर दाखवा. ते जळत कसं नाही, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारत नाही. मंगळावर पोचलात की मंगळयान सांगा: ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं.

मंगळानंतर साडेपाचशे मीटर काहीच नाही. हा टप्पा मुद्दाम न बोलता चालायचा. पोरं कंटाळतात, "गुरू कधी येणार?" असं विचारतात, आणि तो कंटाळाच हवा असतो. गुरूवरून बारदान पाचपट लहान दिसतं, ऊनही तिथं पृथ्वीच्या सत्ताविसाव्या हिश्शाएवढंच पोचतं. शनीपर्यंत चालणं पुरे. तिथं गुळशेंगा वाटा आणि मागे फिरा.

युरेनस आणि नेपच्यूनचं काय करावं, याचं उत्तर मला मुलांनीच दिलं. आमच्या शाळेत शेजारच्या वाड्यांवरून मुलं येतात. तीन किलोमीटरवरच्या वाडीतला एक मुलगा म्हणाला, "सर, युरेनस मी घरी नेतो की." त्यानं लिंबू पुठ्ठ्यासकट नेलं आणि दारात टांगलं. नेपच्यून पुढच्या गावच्या मुलीकडे गेला. त्या दोघांना रोज शाळेत यायला किती वेळ लागतो ते वर्गाला माहीत आहे, त्यामुळे नेपच्यूनचं अंतर आता कुणाला पाठ करावं लागत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाका. ग्रह खरे असे एका ओळीत उभे नसतात, प्रत्येक जण आपल्या वर्तुळावर कुठेतरी असतो. त्यासाठी पृथ्वीची पाटी रोज प्रार्थनेनंतर सूर्याभोवतीच्या वर्तुळावर २.६ मीटर सरकवा. या मापात पृथ्वी एका दिवसात तेवढीच जाते आणि ९४० मीटरचा फेरा वर्षात पुरा करते. आम्ही हे महिनाभर केलं. पाटी शेजारच्या शेतात शिरली तेव्हा मालकानं आनंदानं परवानगी दिली.

फूटपट्टीच्या चालीनं प्रकाश

प्रकाश सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर जातो. आपल्या मापात ते ३० सेंटीमीटर, म्हणजे बरोबर एक फूटपट्टी. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत दर १८ मीटरवर फक्कीची रेघ मारा, प्रत्येक रेघ म्हणजे एक मिनिट. एका मुलाला 'प्रकाश' करा आणि दुसऱ्याच्या हातात घड्याळ द्या. प्रकाशानं इतकं सावकाश चालायचं की एक रेघ ते दुसरी रेघ एक मिनिट लागावं. पोरांना हे फार जड जातं, पाय पुढे पळतात. आठ मिनिटं वीस सेकंदांनी तो चण्यापाशी पोचतो. नेपच्यूनकडे असंच जायचं तर चार तास दहा मिनिटं लागतील, म्हणजे सकाळची प्रार्थना झाल्यावर निघालेला प्रकाश दुपारची सुट्टी होऊन गेल्यावरही वाटेतच असेल.

५ सप्टेंबर १९७७ ला निघालेलं व्हॉयेजर-१ हे माणसाचं सगळ्यात लांब गेलेलं यान. सेकंदाला १७ किलोमीटरचा त्याचा वेग या मापात दिवसाला दीड मीटर होतो. इतकी वर्षं अखंड चालून ते साधारण २५ किलोमीटर गेलंय, जवळपास बेळगाव ते खानापूर. एसटीचा तो प्रवास प्रत्येक पोरानं केलेला असतो.

मुलांना काय कळलं, हे कसं बघावं

गुण देऊ नका. आठवडा उलटल्यावर पुन्हा चणा आणि जोंधळा काढा आणि फूटपट्टीशिवाय चंद्र ठेवायला सांगा. पहिल्या दिवशीच्या खुणांचा फोटो काढून ठेवला असेल तर शेजारी दाखवा. दुसरं काम वहीतलं: पुस्तकातल्या सूर्यमालेच्या चित्राखाली त्या चित्रात काय खरं आहे आणि काय जागेअभावी बदललंय, ते चार ओळींत लिहायचं. ज्याला या चार ओळी जमल्या त्याला विषय समजला असं मी धरतो. जो मुलगा चालण्याच्या दिवशी गैरहजर होता, त्याला या ओळी जमत नाहीत, हेही मी पाहिलंय. त्याला एखाद्या संध्याकाळी निदान पृथ्वीपर्यंत चालवून आणा.

शेवटी एक प्रश्न येतोच: "नेपच्यूनच्या पुढे काय सर? दुसरा सूर्य कुठाय?" सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे प्रकाशालाच तिथं जायला ४.२४ वर्षं लागतात. गुणाकार वर्गाकडून करून घ्या. या मापात तो येतो सुमारे ४०,००० किलोमीटरवर. पृथ्वीगोल पुढे आणा आणि सुतळीच्या वेढ्यांच्या वेळी फळ्यावर लिहिलेला पृथ्वीचा घेर आठवायला सांगा. शाळेतून निघून सरळ चालत राहिलो तर पुढच्या ताऱ्यापर्यंत पोचताना अख्ख्या पृथ्वीला एक फेरा पडतो आणि आपण मागच्या बाजूनं शाळेपाशीच येतो. म्हणून प्रॉक्झिमाची पाटी आम्ही सूर्याच्याच भिंतीवर, पलीकडच्या अंगाला लावली आहे.